नाशिकला समुद्र कुठून आला?

आजची गोष्ट एका ठिपक्यापासून सुरू होते.

फेब्रुवारी २०२४. दिंडोरी तालुक्यात माझ्या मामांची द्राक्षबाग आहे. थॉमसन. खुडा झाला, पॅकहाऊसमध्ये घड साफ करून पनेटमध्ये भरले, प्री-कूलिंग झालं, आणि कंटेनर न्हावाशेवा बंदराकडे निघाला. निर्यातदाराच्या माणसानं मामांच्या मोबाईलवर एक ॲप टाकून दिलं होतं. जहाजाचं नाव टाकलं की नकाशावर ते कुठं आहे ते दिसतं. मामा सकाळी चहाच्या आधी ते उघडायचे.

ठिपका मुंबईहून निघून पश्चिमेला, लाल समुद्राकडे जायला हवा होता. तो खाली वळला. रोज थोडा थोडा खाली. सोमालिया गेलं, मादागास्कर आलं. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनच्या हूती बंडखोरांनी लाल समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू केले होते, आणि मोठ्या शिपिंग कंपन्यांनी सुएझचा रस्ता सोडून अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली होती. म्हणजे दहा-पंधरा दिवस जास्त आणि भाडंही जास्त. द्राक्ष शून्य अंशाच्या आसपास ठेवलं तरी ते जिवंत असतं. देठ सुकायला लागतो, आणि तिकडे पोचल्यावर भाव ठरताना आधी देठ बघतात.

मामा म्हणाले, "समुद्र कुठं, आपण कुठं? माझ्या बापानं जन्मात समुद्र बघितला नाही. आणि माझं वर्षाचं उत्पन्न त्या ठिपक्यात जाऊन बसलंय."

मी त्यांना तेव्हा काही बोलले नाही. पण मामांची बाग जिथं आहे तिथून तासाभराच्या अंतरावर, मुंबई-आग्रा हायवेला लागून, एक डोंगर आहे. त्याच्या पोटात दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी समुद्र आणि होड्या दोन्ही कोरून ठेवल्यात. तुम्ही नाशिकचे असाल तर तिथं नक्की गेला असाल. शाळेच्या सहलीला गेला असाल, किंवा कॉलेज बंक करून. पांडवलेणी.

पांडवांचा तिथं काही संबंध नाही, हे आता सगळ्यांना माहीत आहे. ही बौद्ध लेणी आहेत, एकूण २४, आणि डोंगराचं जुनं नाव त्रिरश्मी. पायऱ्या चढून वर गेलात की दहा नंबरचं लेणं शोधा. व्हरांड्यात मागच्या भिंतीवर, छताच्या खाली, ब्राह्मी अक्षरांच्या लांबच लांब ओळी दिसतील. बहुतेक लोक त्याच्याखाली उभं राहून सेल्फी काढतात आणि पुढं जातात. मीही अनेक वर्षं तेच केलंय.

तो लेख आहे उषवदाताचा. संस्कृत वळणानं ऋषभदत्त म्हणा. हा कोण? क्षहरात घराण्यातल्या नहपान नावाच्या शक क्षत्रपाचा जावई. काळ इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला. सासऱ्याचं राज्य गुजरातेतून कोकण आणि नाशिकपर्यंत पसरलेलं, आणि जावई त्यातला मोठा भाग सांभाळतोय. लेखात त्यानं आपल्या दानांची यादी दिली आहे. तीन लाख गाई दिल्या. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक इथं धर्मशाळा बांधल्या. भरुकच्छ म्हणजे भरूच, शूर्पारक म्हणजे आपलं नालासोपारा, गोवर्धन नाशिकच्या शेजारचं.

आणि मग एक वाक्य येतं होड्यांचं. इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा, दाहनुका. या सहा नद्यांवर त्यानं 'नावापुण्यतर' सुरू केला, म्हणजे पुण्य म्हणून नावेनं फुकट पार करायची सोय. त्या नद्यांच्या दोन्ही काठांवर बसायला आडोसे आणि पाणपोया केल्या, असंही लगेच पुढं आहे.

'तर' हा शब्द बघा. कोकणात जुनी माणसं खाडी ओलांडायच्या होडीला आणि तिच्या जागेला अजून 'तर' म्हणतात. तरणे, तारू, तरी, सगळं एकाच घरातलं.

आता मॅप्स उघडा आणि नालासोपारा ते भरूच असा रस्ता टाका. आज तुम्ही हायवेनं पुलांवरून भुर्रकन जाल, खाली नदी होती हे कळणारही नाही. त्या पट्ट्यात डहाणूची खाडी लागते, दमणगंगा लागते, पार लागते, तापी लागते. उषवदाताच्या यादीतली नावं तीच आहेत. अरबी समुद्राला मिळणाऱ्या नद्या, आणि जिथं रस्ता त्यांना आडवा जातो तिथं त्या अर्ध्या नदी, अर्ध्या खाडी असतात. भरती आली की फुगतात, ओहोटीला चिखल. बैल चिखलात जात नाही. म्हणजे होडी हवी, आणि होडी म्हणजे प्रत्येक काठावर पैसे. सहा नद्या, जायचे सहा वेळा, यायचे सहा वेळा. व्यापाऱ्याच्या नफ्यातून तेवढं गेलं.

तो खर्च जावईबापूंनी काढून टाकला. पुण्य मिळवायचं होतंच, लेखात तसं स्पष्ट आहे. पण सोपारा आणि भरूच ही दोन्ही बंदरं सासऱ्याच्या ताब्यात असताना त्यांच्यामधला रस्ता टोलमुक्त करणं, हा मला चांगला हिशेबी निर्णय वाटतो. आजच्या भाषेत लॉजिस्टिक्स.

गंमत म्हणजे यातली दमणगंगा उगम पावते नाशिक जिल्ह्यात, मामांच्याच दिंडोरी तालुक्यात. पारही नाशिक जिल्ह्याच्याच डोंगरातली. आपण नाशिककर गोदावरी-गोदावरी करतो, आणि ती जाते उलटीकडे. त्र्यंबकला तिचा उगम, तिथून अरबी समुद्र ८० किलोमीटरच्या आसपास, आणि ही बाई पाठ फिरवून साडेचौदाशे किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते. म्हणजे पाऊस डोंगराच्या कुठल्या अंगाला पडला यावर त्याचा समुद्र ठरतो. एक थेंब डहाणूच्या बाजूला, शेजारचा थेंब आंध्रात.

याच लेखात ३२,००० नारळाच्या झाडांचंही दान आहे. गाव नानंगोल. गुजरातच्या किनाऱ्यावरचं नारगोळ ते हेच, असं मानतात. ही झाडं दिली धार्मिक मंडळींना. पण नारळ म्हटला की मला काथ्या दिसतो. त्या काळी अरबी समुद्रातल्या कितीतरी बोटींच्या फळ्या खिळ्यांनी ठोकत नसत, काथ्याच्या दोरीनं शिवत. गोधडी शिवावी तशी बोट. असो.

आता समुद्राकडे जाऊ. याच काळातलं एक पुस्तक आहे, 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी'. लिहिणारा इजिप्तमधला ग्रीक बोलणारा व्यापारी, नाव माहीत नाही. पुस्तक म्हणजे धंद्याची डायरी: कुठल्या बंदरात काय विकतं, काय घ्यावं, कुठं सांभाळून राहावं. लाल समुद्रातून निघायचं, बाब-अल-मंदेबच्या सामुद्रधुनीतून बाहेर पडायचं आणि वाऱ्यावर स्वार होऊन भारत गाठायचा. बाब-अल-मंदेब! मामांच्या जहाजाला जी वाट बंद झाली, तीच ही वाट.

भरूचला जायचं तर इजिप्तमधून जुलैच्या सुमारास निघा, असं तो सांगतो. नैर्ऋत्येचा मोसमी वारा तेव्हा मागून ढकलतो. फार लवकर निघालात तर आपला किनारा ऐन पावसात गाठाल आणि फुटाल. उशिरा निघालात तर वारा संपलेला असेल. परत जायचं तर थंडीत वारा उलटा फिरेपर्यंत थांबा. जहाज कितीही मोठं असो, मालक कितीही श्रीमंत असो, वर्षात एक जाणं आणि एक येणं. बाकी दिवस थांबायचं. मला वाटतं शिडाच्या जहाजांचा इतिहास हा मुख्यतः थांबण्याचा इतिहास आहे. त्यावर सिनेमे निघत नाहीत, एवढंच.

भरूचबद्दल तो अजून एक गोष्ट सांगतो आणि ती मला फार आवडते. नर्मदेच्या मुखाशी पाणी उथळ, वाळूचे बांध, आणि भरती अशी की पाण्याची भिंत गर्जत आत येते. परक्या जहाजाला आत शिरता येत नाही. म्हणून राजाच्या चाकरीतले स्थानिक कोळी मोठ्या, भरपूर वल्हेकऱ्यांच्या बोटी घेऊन पार सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत पुढं जातात, आलेल्या जहाजाला गाठतात आणि ओढत, थांबवत, भरती-ओहोटी सांभाळत बंदरात आणतात. बोटींची नावंही दिली आहेत: त्राप्पगा आणि कोटिंबा. 'अंगविज्जा' नावाच्या जुन्या प्राकृत ग्रंथात होड्यांची यादी आहे, तिच्यात तप्पक आणि कोट्टिंब सापडतात. म्हणजे त्या ग्रीकानं बरोबर ऐकलं होतं.

विचार करा, हजारो मैलांचा समुद्र ओलांडून आलेलं जहाज, सोनं-चांदी भरलेलं, आणि शेवटच्या पट्ट्यात ते अवलंबून कुणावर? तर पाण्याचा तळ पाठ असलेल्या कोळ्यांवर. ज्या राजाच्या चाकरीत हे कोळी होते त्याचं नाव या पुस्तकात थोडं बिघडून आलंय, पण तो नहपानच, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

या जहाजांतून रोमन चांदीची नाणीही यायची. पेरिप्लसवाला म्हणतोच की ती भरूचला स्थानिक पैशात बदलली तर फायदा होतो. हीच चांदी वितळवून नहपानानं आपली नाणी पाडली असावीत, असं अनेक अभ्यासकांचं मत आहे. त्या नाण्यांवर त्याचा चेहरा आहे आणि अक्षरं तीन लिप्यांत: ग्रीक, ब्राह्मी, खरोष्ठी.

आणि नाणी म्हटल्यावर आपण पुन्हा दहा नंबरच्या लेण्यात येतो. उषवदातानं इथं राहणाऱ्या भिक्षूंसाठी ३,००० कार्षापणांची ठेव ठेवली. कुठं? गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे. २,००० एका श्रेणीकडे, महिना शेकडा एक व्याजानं, आणि १,००० दुसरीकडे, महिना शेकडा पाऊण टक्क्यानं. मुद्दल कधीच काढायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. पहिल्या रकमेचं व्याज महिन्याला २०, वर्षाला २४०. त्यातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे कपड्यांसाठी, प्रत्येकी १२. वीस गुणिले बारा किती? २४०. दोन हजार वर्षांपूर्वीची एफडी, आणि हिशेब पैशापैशाला जुळतो.

वर्षावास हा शब्द इथं महत्त्वाचा आहे. पावसाळ्यात भिक्षूंनी फिरायचं नाही, एका जागी राहायचं. त्याच महिन्यांत खाली किनाऱ्यावर होड्या उलट्या करून शाकारलेल्या. आजही जून-जुलैत आपल्या किनाऱ्यावर मासेमारी बंद असते आणि नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून कोळी पुन्हा समुद्राची वाट धरतात. एकच पाऊस लेण्यातल्या भिक्षूला बसवून ठेवतो, सोपाऱ्याच्या होडीला बसवून ठेवतो, आणि तिकडे लाल समुद्रातल्या जहाजाला निघायला सांगतो. समुद्र सह्याद्रीच्या खाली असेल, पण त्याचं कॅलेंडर घाट चढून वर आलेलं होतं.

असा पैसा जिथं येतो तिथं भांडण येणारच. दक्खन मुळात सातवाहनांची. पैठणचा माल भरूचला जायचा, गाड्यांतून, वीस दिवसांच्या वाटेनं. कल्याण हेही त्यांच्या बाजूचं बंदर. पेरिप्लसमध्ये लिहिलंय की कल्याण पूर्वी रीतसर व्यापाराचं बंदर होतं, पण सत्ता बदलल्यावर तिथं अडथळे आले, आणि चुकून एखादं ग्रीक जहाज तिथं लागलं तर त्याला पहाऱ्यात भरूचला नेतात. दुसऱ्याचं जहाज अडवायचं आणि त्याचा व्यापार आपल्या बंदरात वळवायचा. २०२४ मध्ये ड्रोन आणि क्षेपणास्त्रं आली, पण जहाज अडवलं की किनाऱ्यापासून लांब बसलेल्या माणसाचा घास अडतो, हे गणित तेव्हाही सगळ्यांना कळत होतं.

मग गौतमीपुत्र सातकर्णी उठला आणि त्यानं क्षहरातांचा निकाल लावला. पुरावा बघायचाय? तीन नंबरच्या लेण्यात त्याची आज्ञा कोरलेली आहे, त्याच्या राज्याच्या १८व्या वर्षाची, गोवर्धनच्या अमात्याला उद्देशून. कालपरवापर्यंत उषवदाताकडे असलेलं २०० निवर्तनं शेत आता भिक्षूंना देतोय. तिथं शब्द आहे 'अजकालकिय'. मोठ्यानं म्हणून बघा. आजकाल! जावयाची जमीन सरकारजमा झाल्याची बातमी आणि आपल्या रोजच्या बोलण्यातला शब्द, एकाच ओळीत.

दुसरा पुरावा १९०६ साली नाशिकजवळच्या जोगळटेंभीला सापडला. नहपानाची १३,००० हून जास्त चांदीची नाणी. त्यातल्या ९,००० हून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्रानं आपला शिक्का पुन्हा मारलाय. वितळवत बसला नाही, आहे त्या नाण्यावरच ठोकला. काही नाण्यांवर नव्या चिन्हांच्या खालून नहपानाचं नाक, कान अजून दिसतात. समुद्रातून आलेली चांदी, आधी एकाची झाली, मग दुसऱ्याची.

याच तीन नंबरच्या लेण्यात गौतमीपुत्राची आई, गौतमी बलश्री, हिचा लेख आहे. नातू पुळुमावीच्या १९व्या वर्षातला. मुलगा तेव्हा हयात नसावा. आई त्याच्याबद्दल लिहिते, आणि एका विशेषणात समुद्र येतो: 'तिसमुदतोयपीतवाहन'. ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं आहे असा. खारं पाणी कुठला घोडा पीत नाही, पण आईनं लिहिलेल्या लेखातल्या घोड्याला सगळं शोभतं.

इथं मी बराच वेळ अडकले होते. एकाच डोंगरात, चालत दोन-तीन मिनिटांच्या अंतरावर, दोन लेख. जिंकलेल्याच्या लेखात समुद्र आहे, एक नाही, तीन, पण होडी नाही. राजा घोड्यावरून किनाऱ्यापर्यंत येतो, घोडा पाणी पितो, झालं. हरलेल्याच्या लेखात समुद्राचं नावही नाही. तिथं होड्या आहेत, नद्यांची यादी आहे, फुकट उतार आहे, पाणपोई आहे. शाळेत आम्हाला तीन समुद्रांचा घोडा पाठ करायला लावला. फुकट होडीबद्दल कुणी सांगितलं नाही.

सातवाहनांना जहाजांचं काही नव्हतं असं मात्र समजू नका. यज्ञ सातकर्णीच्या काळातला लेख इथंच वीस नंबरच्या लेण्यात आहे, आणि दोन डोलकाठ्यांच्या जहाजाची सातवाहन नाणी मिळालीत त्यांतली काही याच राजाची. फक्त ती नाणी इकडची नाहीत, पूर्व किनाऱ्याकडची. आणि तिकडे इजिप्तमध्ये, लाल समुद्रावरच्या बेरेनिके बंदराच्या खोदकामात सातवाहनांची दोन नाणी सापडली. तिथल्या वाळूत भारतातलं सागवान आणि भारतीय सुती कापडाच्या शिडाचे तुकडेही मिळालेत. शीड सुती असेल तर कुठंतरी कुणी विणकरानं ते विणलं असणार. गोवर्धनच्या विणकरांनी विणलं असं मी म्हणत नाही. पण मनात येतं.

आता जवळजवळ अठराशे वर्षं उडी मारू आणि त्याच नाशिकमध्ये, पंधरा-वीस मिनिटांवर, देवळालीला उतरू.

काही वर्षांपूर्वी ऑफिसच्या कॉलवर लंडनचा एक सहकारी म्हणाला, या प्रोजेक्टनं मी पार 'डुलाली' होणार. मी म्हटलं, काय होणार? म्हणजे वेडा होणार, तो म्हणाला, जुना इंग्रजी शब्द आहे. मी देवळाली कॅम्पच्या बेकरीतली खारी खाऊन वाढलेली मुलगी. त्याला सांगितलं की बाबा, ते माझं गाव आहे.

झालं असं. १८६१ साली ब्रिटिशांनी देवळालीला लष्करी छावणी केली. थोड्याच वर्षांत थळ घाटातून रेल्वे वर आली आणि मुंबईचं बंदर एका रात्रीच्या अंतरावर आलं. भारतात मुदत संपलेल्या गोऱ्या सैनिकांना मायदेशी पाठवायच्या आधी इथं आणून ठेवायचे. पण सैनिक नेणारी जहाजं साधारण थंडीतच सुटायची, मार्चपर्यंत. ज्याची मुदत चुकीच्या महिन्यात संपली, त्याला पुढच्या हंगामापर्यंत मुक्काम देवळाली. काम नाही, कवायत नावापुरती, ऊन, मग पाऊस, दारू, मारामाऱ्या. काही तुरुंगात गेले, काहींचं डोकं फिरलं. सैनिकांनी त्या अवस्थेला नाव दिलं 'डुलाली टॅप'. देवळाली ताप. टॅप म्हणजे आपला ताप हो, अंगात येतो तो. पुढं ताप गळून गेला आणि डुलाली उरलं.

मला यातली जहाजं विचार करायला लावतात. ही वाफेची जहाजं होती. त्यांना वाऱ्याची वाट बघायची गरज नव्हती, १८६९ पासून सुएझचा कालवाही उघडला होता. तरी हंगाम थंडीचाच. कारण उन्हाळ्यात लाल समुद्रातून जाणं म्हणजे लोखंडी डब्यात माणसं भाजणं, आणि पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला. इंजिन बदललं, समुद्राचं कॅलेंडर तेच. पेरिप्लसचा व्यापारी परतीच्या वाऱ्यासाठी ज्या मोसमात बंदरात बसायचा, त्याच मोसमाची वाट बघत बर्मिंगहॅमचा कुणी पोरगा देवळालीत छताकडे बघत पडायचा. त्या बिचाऱ्याला जहाज दाखवणारं ॲपही नव्हतं.

तर, मामा. मार्चअखेरच्या एका रविवारी मी त्यांना पांडवलेणीला घेऊन गेले. गुडघे दुखतात म्हणून कुरकुरत चढले. वाटेत दोनदा बसले, दोनदा ॲप बघितलं. दहा नंबरच्या लेण्यात मी त्यांना बोटानं ओळी दाखवल्या. ही दमणा, मामा, आपली दमणगंगा. तिच्यावर यानं फुकट होडी ठेवली होती.

मामा बराच वेळ वर बघत राहिले. मग म्हणाले, "फुकट कुणाला? बसणाऱ्याला. मग होडी हाकणाऱ्याला कोण देत होतं?"

मी गप्प. इतकी वर्षं हा लेख वाचतेय, मला हा प्रश्न पडला नव्हता. लेखात ३,००० कार्षापणांचं व्याज पैशापैशाला लिहिलंय. भिक्षूंच्या चीवराचा आकडा आहे. विणकरांच्या दोन श्रेणींचे दोन वेगळे दर आहेत. नावाड्याचा आकडा नाही.

"वरून एक जण फुकट म्हणतो," मामा म्हणाले, "खाली दुसऱ्याच्या खिशातून जातं. भाडं वाढलं तर ते आमच्या पट्टीतून कापणारेत, सांगून ठेवलंय त्यांनी."

मग मी त्यांना आठ नंबरच्या लेण्यात नेलं. छोटंसं आहे, लोक थांबत नाहीत. तिथं एका ओळीचा लेख आहे: दासक मुगुदास यानं कुटुंबासह दिलेलं हे लेणं. 'दासक' या शब्दाचा अर्थ काही अभ्यासक कोळी असा लावतात. समुद्रापासून इतक्या लांब, घाटाच्या वर, दोन समुद्रांवरून भांडणाऱ्या राजांच्या शेजारी, एका कोळ्याचं नाव. स्वतःच्या पैशानं खोदलेल्या लेण्यावर.

मामांनी ते नाव दोनदा विचारून घेतलं. मुगुदास. मग फोन काढून भिंतीचा फोटो घेतला, अंधारात नीट आला नाही म्हणून फ्लॅश लावायला लागले, मी नको म्हटलं. तसाच धुरकट फोटो ठेवला.

उतरताना मधल्या पायरीवर थांबून त्यांनी परत ॲप उघडलं. चष्मा वर केला, दोन बोटांनी नकाशा मोठा केला.

"डकारच्या पुढं गेलंय," ते म्हणाले. "अजून आठ दिवस. देठ टिकला पाहिजे."